कातडीवरच्या तेलाचा हिशेब

20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ हा तेलविहीर खोदणारा तराफा पेटला. 11 कामगार दगावले आणि दीड किलोमीटर खोल समुद्रतळातून 87 दिवस तेल उसळत राहिले. सरकारी अंदाज सुमारे 49 लाख बॅरलचा होता. पुढे न्यायालयाने समुद्रात गेलेले तेल 31.9 लाख बॅरल ठरवले. तेल फोडून पाण्यात विखुरण्यासाठी ‘कोरेक्झिट’ नावाची रसायने वापरली गेली, तीही 18 लाख गॅलनच्या घरात. ही सगळी घाण काढायला हजारो माणसे उतरली. त्यांत मासेमारी बंद पडलेले कोळी होते, रोजंदारी शोधत आलेले बेकार होते, तटरक्षक दलाचे जवान होते, कंत्राटदारांची माणसे होती.

या माणसांनी श्वासावाटे काय घेतले, याची नोंद बऱ्यापैकी झाली. अंगावर लहान नमुनापट्ट्या लावून पूर्ण पाळीभर घेतलेले हवेचे 25 हजारांहून अधिक नमुने जमा झाले. त्यांच्या कातडीवर काय बसले, याचा एकही नमुना घेतला गेला नाही. पुढे अमेरिकेच्या पर्यावरणीय आरोग्य संस्थेने ‘गल्फ स्टडी’ हा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आणि जवळजवळ 33 हजार लोकांची नोंदणी केली, तेव्हा हे भगदाड समोर आले. तेलाने माखलेल्या हातांचा हिशेब तेल धुऊन गेल्यावर मांडायचा होता. तो कसा मांडला गेला, त्यावर किती विसंबावे, आणि आपल्या किनाऱ्याने त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

हवेला आकडा, कातडीला नुसती खूण

कातडीवाटे कामगार आजारी पडतो, हे व्यवसायजन्य आजारांच्या शास्त्रातले सर्वांत जुने ज्ञान आहे. 1775 मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराड्या साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणाऱ्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. नंतर लँकेशायरच्या कापडगिरण्यांत चात्यांना घालायच्या खनिज तेलाने कपडे भिजलेल्या सूतकताऱ्यांत तोच रोग दिसला. काजळी आणि तेल, दोन्हींतले गुन्हेगार एकाच कुळातले होते: अनेक वलये जोडलेली हायड्रोकार्बन संयुगे, म्हणजे पीएएच.

तरीही विसाव्या शतकात कामगारांच्या संरक्षणाचे कायदे झाले ते मुख्यतः हवेचा विचार करून. शेकडो रसायनांसाठी आठ तासांच्या पाळीत हवेत किती प्रमाण चालेल, याचे आकडे आहेत. कातडीसाठी असा आकडा जवळजवळ कुठेच नाही. तक्त्यात काही रसायनांच्या नावापुढे ‘स्किन’ एवढाच शेरा असतो; त्याचा अर्थ, हे कातडीतूनही आत जाते, जपा. आपल्या 1948च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातही ॲनिलिनसारख्या रसायनांपुढे हाच शेरा होता. शेऱ्याने सावध करता येते. त्याच्या आधारे कोणाला दंड करता येत नाही, की कोणाची भरपाई ठरत नाही. ज्याला मर्यादा नाही ते मोजायचा खर्च कंत्राटदार कशाला करील? आखातात कातडी मोजली गेली नाही याचे मूळ इथे आहे.

ही उणीव किती मोठी असू शकते, हे नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाने 1993 मध्ये दाखवून दिले होते. कोळशापासून कोक बनवणाऱ्या भट्ट्यांवरच्या 12 कामगारांच्या शरीरात गेलेल्या पायरीन या पीएएचचा हिशेब मांडला, तेव्हा सरासरी तीन चतुर्थांश भाग कातडीवाटे गेलेला निघाला. भट्टीच्या धुरात उभ्या माणसाबाबत ही स्थिती असेल, तर हाताने डांबर उचलणाऱ्याच्या बाबतीत फक्त हवा मोजून समाधान मानणे कठीण आहे.

तेल म्हातारे होते तेव्हा

समुद्रात आलेले कच्चे तेल रोज बदलत असते. त्यातले बेंझिन, टोल्युइन यांसारखे हलके घटक पहिल्या एकदोन दिवसांत उडून जातात. आखातात तर तेल दीड किलोमीटर पाण्यातून वर येताना त्यांतले बरेच पाण्यातच विरघळले. उरलेले तेल लाटांनी घुसळून पाणी पिते आणि तांबूस, दाट, चिकट लगदा बनते. आणखी काही आठवड्यांनी किनाऱ्याला लागतात ते डांबराचे गोळे आणि चकत्या. वास येतो तोवर माणूस नाक झाकतो. वास गेला की काम सुरक्षित झाले असे त्याला वाटते, आणि नेमक्या त्या टप्प्यावर हलके घटक उडून जड पीएएचचे प्रमाण वाढलेले असते, वर पदार्थही असा की हाताला लागला तर निघता निघत नाही.

कातडीच्या बाहेरच्या, मृत पेशींच्या थराची जाडी मिलिमीटरच्या एकदोन शतांशांइतकी असते. तो स्निग्ध असल्याने पाण्याला अडवतो, पण तेलात विरघळणाऱ्या लहान रेणूंना वाट देतो. कोणता रेणू किती वेगाने जाईल हे त्याचा आकार आणि त्याची तेलाची ओढ यांवर ठरते; 1992 मध्ये पॉट्स आणि गाय या शास्त्रज्ञांनी या दोन गुणांवरून वेग काढण्याचे सूत्र दिले, ते आजही वापरात आहे. बेंझिन सहज शिरू शकते, पण उघड्या कातडीवरून क्षणात उडून जाते. जड पीएएच हळू शिरतात, पण तासन्‌तास तिथेच बसून राहतात. म्हणून पाळी संपल्यावर हात लगेच धुतले की जेवणाआधी नुसते पुसले, यानेही शरीरात जाणारी मात्रा बदलते.

त्यात माणसाचे शरीरही सारखे नाही. तळव्याची कातडी जाड, पापणीची आणि जांघेची पातळ. घामाने भिजून फुगलेली, वाळूने घासलेली, उन्हाने भाजलेली कातडी रसायनाला अधिक वाट देते. कोरेक्झिटच्या एका प्रकारात असलेले ब्युटॉक्सीएथॅनॉल कातडीतून सहज शिरते. त्यातली साबणासारखी द्रव्ये तेल फोडण्यासाठीच असतात; कातडीच्या स्निग्ध थरालाही ती मोकळी सोडत नाहीत.

मोजायच्या तीन रीती

कातडीवरचे रसायन मोजायच्या रीती मुळात तीन. पहिली, मध्येच अडवण्याची: अंगावर ठिकठिकाणी कापडी पट्ट्या लावायच्या किंवा आतून सुती मोजे आणि अंगरखा घालायचा आणि पाळी संपल्यावर त्यांत जमलेले काढून तपासायचे. दुसरी, काढून घेण्याची: ठरावीक चौरस पुसून घ्यायचा, हात ठरलेल्या द्रावणात धुवायचे, किंवा चिकटपट्टीने वरचे थर एकेक करून उचलायचे. तिसरी, जागच्या जागी पाहण्याची: पदार्थात चमकणारे द्रव्य मिसळून अतिनील प्रकाशात अंगावरचे डाग मोजायचे. शेतात कीटकनाशक फवारणाऱ्यांवर ही रीत चांगली चालली. समुद्रभर पसरलेल्या तेलात द्रव्य मिसळणार कोण?

प्रत्येक रीतीत खोट आहे. सुती मोजा कातडीपेक्षा जास्त शोषतो, म्हणून आकडा फुगतो. पुसून घेतले तर आत गेलेले सुटते आणि आकडा घटतो. छातीवरच्या एका पट्टीवरून सगळ्या धडाचा अंदाज काढावा, तर तेलाचा शिंतोडा नेमका पट्टीच्या बाजूला पडलेला असतो.

चौथी वाट शरीराच्या आतून जाते. पायरीन शरीरात गेले की त्यापासून बनलेले हायड्रॉक्सीपायरीन लघवीत उतरते. पाळीआधी आणि पाळीनंतर लघवी तपासली तर फरक दिसतो. 2007च्या डिसेंबरात दक्षिण कोरियाच्या तेआन किनाऱ्यावर ‘हेबेई स्पिरिट’ जहाजातून 10 हजार टनांहून अधिक कच्चे तेल सांडले आणि दहा लाखांवर स्वयंसेवक सफाईला आले. तिथे अशा लघवीच्या तपासण्या काही प्रमाणात झाल्या. पण लघवी सांगते ती एकूण बेरीज: नाकातून किती, हातातून किती, संध्याकाळच्या विडीतून किती, हे ती वेगळे करत नाही. शिवाय हा पुरावा दोनतीन दिवसांत शरीराबाहेर निघून जातो. आखातातल्या कामगारांकडे अभ्यासक पोचले 2011 ते 2013 या काळात, म्हणजे या चारही वाटा बंद झाल्यावर.

अंदाजाचे गणित

उरला एकच मार्ग, गणिती प्रतिमानाचा. त्याचा सांगाडा आधीच तयार होता. 1999 मध्ये युरोपातल्या अभ्यासकांनी रसायन उगमापासून कातडीपर्यंत कसे येते याचा नकाशा आखला: उगम, हवा, पृष्ठभाग, बाहेरचा कपडा, आतला कपडा, कातडी. या नकाशाच्या पायावर 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये ‘ड्रीम’ ही पद्धत उभी राहिली. तिच्यात रसायनाला तीन वाटा आहेत: उगमातून थेट अंगावर उडणे, हवेतून येऊन बसणे, आणि माखलेल्या वस्तूला हात लागून चिकटणे. शरीराचे नऊ भाग पाडायचे. प्रत्येक भागासाठी, प्रत्येक वाटेने, दोन प्रश्न विचारायचे: किती वेळा आणि किती मोठ्या भागावर? उत्तराला गुण द्यायचे. क्वचितला 1, पुनःपुन्हाला 3, सततला 10. मग पदार्थ किती घट्ट, किती उडणारा आणि किती चिकट, याचे गुणक लावायचे, हातमोज्यांनी आणि कपड्यांनी किती अडवले ते वजा करायचे आणि बेरीज मांडायची.

आखातासाठी ही पद्धत तशीच्या तशी चालली नसती. कारखान्याच्या छताखाली वारा नसतो आणि समुद्राचे पाणी पायांवरून जात नाही. म्हणून 2000 नंतर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या आधारे प्रत्येक गुणक पुन्हा तपासला गेला. बाष्पीभवनाच्या हिशेबात पदार्थाचा बाष्पदाब आणि वाऱ्याचा वेग आले, समुद्राच्या पाण्याचा परिणामही जमेस धरला गेला. या सुधारित रूपाला ‘गल्फ ड्रीम’ म्हणतात आणि त्याचे उत्तर त्याच्याच एककांत येते. इथे लक्षात ठेवायचे ते हे की ते एकक मिलिग्रॅम नव्हे.

माहिती आली दोन ठिकाणांहून. कामगारांना फोनवर विचारले गेले: कोणते काम केले, तेल, डांबर, विखुरणारी रसायने आणि समुद्राचे पाणी किती वेळा लागले, हातमोजे होते का. आणि जे कामगाराला सांगता येणे शक्यच नव्हते, उदाहरणार्थ त्या कामात मांडीवर किती तेल उडते, ते औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांनी अनुभवाने ठरवले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. हंगाम संपण्याआधी महसूल खाते शेते पाहून नजर पैसेवारी लावते, तसेच हे. ज्ञान आहे, शिस्त आहे, पण कणसे अजून तोललेली नाहीत.

या गणिताने काढलेली काही उत्तरे मात्र डोळे उघडणारी आहेत. एकूण हायड्रोकार्बनचा अंदाज घेतला, तर तेलाच्या बाबतीत कामगारगटांची सरासरी जास्तीत जास्त साडेपाच एककांपर्यंत गेली. डांबराच्या बाबतीत ती 140च्या पुढे गेली. विहिरीच्या तोंडाशी जहाजावर उभा असलेला माणूस सर्वांत धोक्यात आणि किनाऱ्यावर फावड्याने डांबर गोळा करणारा सुरक्षित, हा साधा समज हवेच्या मापाने ठीक असेल. कातडीच्या मापाने तो टिकत नाही. शिवाय किनाऱ्यावरचे काम सर्वांत कमी प्रशिक्षण असलेल्या माणसांकडे असते आणि विहीर बंद झाल्यानंतरही कितीतरी महिने ते चालू राहते.

अंदाज किती धरावा

अशा अंदाजाची परीक्षा एकच: जिथे प्रत्यक्ष मोजले आहे तिथे तो लावून पाहणे. ‘गल्फ ड्रीम’साठी ते करायला तेलगळतीतली मोजमापे नव्हतीच, म्हणून जड इंधन तेल आणि रस्त्याचे डांबर हाताळणाऱ्या इतर कामगारांची प्रसिद्ध मोजमापे घेतली गेली. प्रतिमान आणि मोजमाप यांच्यातला सहसंबंध एकूण 0.6च्या आसपास आला. म्हणजे कोणाला जास्त आणि कोणाला कमी लागले असावे, हा क्रम हे गणित बऱ्यापैकी लावते. अमुक माणसाच्या हातावर किती लागले, हे ते सांगू शकत नाही.

रोगशास्त्राच्या अभ्यासाला असा क्रमही पुरतो. हजारो माणसे कमी, मध्यम, जास्त अशा गटांत लावायची आणि आजार त्या क्रमाने वाढतो का, हे पाहायचे. हवेच्या अंदाजावर असेच करून गल्फ स्टडीने 2022 मध्ये दाखवले की सफाई न केलेल्यांच्या तुलनेत सफाई कामगारांत दम्याचे निदान किंवा दम्याची लक्षणे आढळण्याची शक्यता सुमारे 60 टक्क्यांनी अधिक होती. कातडीच्या अंदाजानेही तसे प्रश्न विचारता येतात. पण एक अडचण कायम राहते: ज्याला पुरळ उठले त्याला तेल लागल्याचे जास्त आठवते, ज्याला काहीच झाले नाही तो विसरतो. आठवणीवर उभ्या असलेल्या क्रमात आजार आधीच शिरलेला असू शकतो.

न्यायालयात मात्र क्रम पुरत नाही. आखातातल्या कामगारांच्या नंतर उद्भवलेल्या आजारांबाबतचे दावे शेकड्यांनी फेटाळले गेले, कारण कोणत्या रसायनाची किती मात्रा अपाय करते याचा तज्ज्ञपुरावा दावेदारांना न्यायालयाला पटेल असा देता आला नाही. मात्रेचा पुरावा त्या वेळी कातडीवर होता. तो घेतला गेला नाही, आणि न घेतल्याचा भार आजारी माणसाच्या बाजूला पडला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण अंदाज नेहमी भीती वाढवतोच असे नाही. 1999च्या डिसेंबरात ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ ‘एरिका’ टँकर फुटला. गावकऱ्यांनी आणि पक्षीप्रेमींनी माखलेले खडक आणि पक्षी साफ केले, कित्येकांनी उघड्या हातांनी. 2002 मध्ये नेदरलँड्समधून प्रसिद्ध झालेल्या धोक्याच्या आकलनाचा निष्कर्ष असा होता की अशा थोड्या काळाच्या संपर्काने कर्करोगाचा वाढीव धोका फार थोडा. कातडीचा दाह मात्र खरोखर होऊ शकतो, आणि हातमोज्यांनी तो टळतो. थोडे दिवस आलेला स्वयंसेवक आणि महिनोन्‌महिने राबणारा मजूर यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, हा त्यातला धडा.

हातमोज्यांचा भरवसा

प्रतिमानातला सर्वांत नाजूक गुणक संरक्षणाचा. कागदावर नायट्राइलचा हातमोजा तेल अडवतो. किनाऱ्यावर तो फाटतो, मनगटाजवळून तेल आत जाते, जेवायला काढलेला मोजा माखलेल्या हाताने पुन्हा चढवला जातो. एकदा आत तेल गेले की मोजा उलटा वागतो: उडून गेले असते ते कातडीशी दाबून धरतो, घामाने कातडी फुगवतो. बाहेर माखलेल्या आणि आत कोरड्या मोज्याचे गुण वेगळे आणि आत ओल्या झालेल्या मोज्याचे वेगळे. फोनवरच्या ‘मोजे होते का’ या प्रश्नाला दोन्हीकडे उत्तर ‘हो’ असेच येते.

उन्हाळ्यात तर संरक्षणाचेच ओझे होते. आखातात जून-जुलैच्या दमट उकाड्यात अंगभर पोशाख घालून काम करणाऱ्यांना उष्माघाताचा धोका इतका होता की कामाचे आणि विश्रांतीचे तास बांधून द्यावे लागले. पोशाख उतरवला तर तेल, घातला तर ऊन. ही ओढाताण जिथे मे महिन्यात सफाई करावी लागेल त्या कोकण किनाऱ्यावर कमी नसेल.

आपला किनारा

आखातातली विहीर 15 जुलै 2010 रोजी बंद झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, 7 ऑगस्टला, मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. सुमारे 800 टन जड इंधन तेल समुद्रात गेले. सोबत पडलेल्या कंटेनरांत कीटकनाशकेही होती. उरण, अलिबाग, घारापुरी आणि ठाणे खाडीच्या खारफुटीपर्यंत तेल पोचले. जानेवारी 2017 मध्ये चेन्नईजवळ एन्नोर इथे दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा बादल्यांनी काळा गाळ उपसणाऱ्या माणसांची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. 2023च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात एन्नोरच्याच खाडीत तेल पसरले आणि ते उपसायला पुन्हा स्थानिक मच्छीमारच नावा घेऊन उतरले. याशिवाय दर पावसाळ्यात कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात. ते उचलणाऱ्या सफाई कामगारांच्या कामाला कोणी तेलगळतीची सफाई म्हणत नाही, पण वर पाहिल्याप्रमाणे कातडीच्या हिशेबात हेच काम वरच्या बाजूला बसते.

आपल्याकडे अशा कामानंतर आणखी एक सवय आहे: हाताचे तेल रॉकेलने किंवा डिझेलने काढणे. तेल निघते, पण कातडीचा स्निग्ध थरही धुऊन जातो आणि उरलेल्याला वाट मोकळी होते. खाद्यतेल चोळून मग साबण लावणे, हा साधा आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

या सगळ्या चर्चेचा रोख मला प्रतिमान सुधारण्याकडे दिसत नाही. ‘गल्फ ड्रीम’ हे हुशार माणसांनी प्रामाणिकपणे केलेले काम आहे, आणि पुढच्या गळतीत ते उपयोगी पडेलच. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक कमकुवत गुणक हा पहिल्या आठवड्यात न लिहिलेल्या नोंदीची जागा भरतो आहे. कोणी काम केले, कोणते, किती दिवस; मोजे आतून ओले झाले का; संध्याकाळी हात कशाने धुतले; या पाच रकान्यांची वही मुकादमाकडे असती, तर एक ते तीन वर्षांनंतरच्या फोनची गरज निम्म्याने कमी झाली असती. त्यात रोज विसेक कामगारांच्या हातांची पुसणी, तेवढ्यांच्याच पाळीआधीच्या आणि नंतरच्या लघवीच्या बाटल्या, आणि त्या दिवशीच्या तेलाचा एक गोठवून ठेवलेला नमुना एवढी भर घातली, तर प्रतिमानाला टेकायला जमीन मिळते. हे तपासायला महिने लागले तरी चालेल; गोळा मात्र त्याच दिवशी करावे लागते.

आपल्याकडे 1996 पासून राष्ट्रीय तेलगळती आपत्ती योजना आहे आणि समुद्रातल्या कारवाईचे सूत्र तटरक्षक दलाकडे आहे. गळती झाली की प्रदूषण नियंत्रण मंडळाची आणि संशोधन संस्थांची माणसे पाण्याचे, गाळाचे, मासळीचे नमुने घ्यायला किनाऱ्यावर जातातच. त्यांच्या नमुन्यांच्या यादीत कामगाराचा हात आला पाहिजे, आणि किनारा साफ करायच्या कंत्राटात हजेरीपटाबरोबर ही पाच रकान्यांची वही बिलाची अट म्हणून घातली पाहिजे. वही नाही तर बिल नाही, एवढे लिहायला नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्याची सही पुरते.